पाणचक्कीपाशी करून दिलेली ओळख

माझ्या सख्ख्या मोठ्या भावाची ओळख मी एकदा आमचा सालगडी अशी करून दिली. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती. कुणी मला तसं बोलायला भाग पाडलं नव्हतं, आणि खरं सांगितलं असतं तर माझं काही बिघडणारही नव्हतं.

दादा वसमत तालुक्यातल्या आमच्या गावी शेती करतो. मी हिंगोलीला एका कार्यालयात कारकून आहे. जमीन दोघांच्या नावावर, राबतो तो एकटा. वर्षाची हळद आणि डाळ माझ्या घरी पोचवायलाही तोच येतो, आणि चहा पिऊन लगेच परत निघतो.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात कार्यालयाच्या कामासाठी मला संभाजीनगरला जायचं होतं. दादा म्हणाला, एवढं वय झालं, औरंगाबाद काही पाहिलं नाही, मलाही ने. मी आनंदानं नेलं, हे खरं आहे. काम पहिल्याच दिवशी आटोपलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मकबरा पाहायला गेलो. दादा सगळीकडून फिरून आला, घुमटाकडे मान वर करून बघत राहिला आणि म्हणाला, "लई देखणं काम हाय. पण येवढ्या बागेला पाणी कुठून आणत असतील रे?"

तिथल्या पहारेकऱ्यानं ते ऐकलं. हसत म्हणाला, पाण्याचंच बघायचं असेल तर पाणचक्कीला जा.

पाणचक्कीला उंच भिंतीवरून पाणी खाली हौदात पडत होतं. ते पाहिलं आणि दादा बाकी सगळं विसरला. लोकांना माहिती सांगणारे एक म्हातारे गृहस्थ तिथं होते. त्यांना त्यानं आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, पाणी इतक्या उंच चढलं कसं? त्यांनी सांगितलं, दूरच्या डोंगरातून जमिनीखालून मातीच्या नळांतून येतं, आणि वाटेत जागोजाग मनोरे बांधलेत. मनोरे कशाला, यावर ते म्हणाले, "हवा निकालने के वास्ते."

दादानं ते दोनदा म्हणवून घेतलं. मग तो भिंतीपाशी उकिडवा बसला, दगडाला कान लावला, आत पाणी कसं वाजतं ते ऐकू लागला. त्याची बाही कोपरापर्यंत भिजली होती. एक-दोन पोरी त्याचा फोटो काढू लागल्या. मी उगाच चार पावलं लांब सरकलो.

तेवढ्यात आमच्या कार्यालयात नव्यानंच आलेले साहेब सहकुटुंब समोर. त्यांनी दादाकडे बघून हसतच विचारलं, हे तुमच्याबरोबर आहेत का?

"गावाकडचे आहेत," मी म्हणालो. "आमचं शेत बघतात."

"सालगडी?"

मी मान हलवली.

दादानं ऐकलं होतं. तो उठला, रुमालाला हात पुसले आणि साहेबांना नमस्कार केला. "व्हय साहेब. लई वर्सं झाली यांच्याकडं."

यांच्याकडं. जन्मापासून तो मला बारक्या म्हणत आला होता.

साहेब दिसेनासे होईपर्यंत तो माझी बॅग खांद्याला लावून माझ्या दोन पावलं मागून चालला. ती बॅग मी त्याच्याकडून घेतली नाही. परतीच्या बसमध्ये मी मनात माफीचं वाक्य जुळवत होतो आणि तो मनोऱ्यांबद्दल बोलत होता. परभणीला त्यानं पेरू घेतले, मोठा मला दिला. मी तो खाल्ला.

त्यानंतर मी गावी जाणंच टाळू लागलो. सुट्टी नाही, तब्येत बरी नाही, अशी काही ना काही कारणं सांगत राहिलो. वर्षभरात साहेबांची बदली झाली. ज्यांच्यासमोर मी मोठा दिसायला गेलो, ते माझं नावही विसरले असतील.

यंदा पाडव्याच्या आधी दादाचा फोन आला. विहिरीवरून वरच्या तुकड्यात पाइपलाइन नेली होती, पण मधल्या उंचवट्यावर जोड सारखे सुटत होते. आता त्यावर काहीतरी केलंय, पाडव्याला पाणी सोडणार, म्हणाला. "काहून येत न्हाईस रे? येऊन तर बघ."

मी बायकोला घेऊन गेलो. दारात गुढी उभी होती आणि घरची माणसं, शेजारी सगळे शेतात. उंचवट्यावर दादानं पाइपाला एक पुरुषभर उंच उभा नळ जोडला होता, वरचं तोंड उघडं. मोटर चालू झाली तशी त्या नळातून फुसफुस हवा निघू लागली, थोडं पाणी उडालं, मग तो शांत झाला. पलीकडे वरच्या तुकड्यात पाणी पडायला लागलं. एकही जोड सुटला नाही.

शेजारच्या काकांनी विचारलं, ही अक्कल कुठून आणली? दादा म्हणाला, "यानं नेलं व्हतं मला औरंगाबादला. यानंच दाखवलं."

मला तिथून निघून जावंसं वाटलं. काका मग स्वतःच्या सालगड्याचं सांगू लागले. पाडव्याला साल संपतं, जुना गडी राहणार की जाणार ते याच दिवशी ठरतं, आणि त्यांचा गडी अजून काही बोलत नव्हता. दादानं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि हसला. "आमच्या मालकानं तर अजून इचारलंच न्हाई, ठेवून घेतो का काढतो."

सगळे हसले. बायकोही हसली. दोन वर्षांत त्या गोष्टीबद्दल तो एवढंच बोलला, आणि तेही मला बोलता यावं म्हणून.

मी सगळ्यांसमोर सांगितलं. पाणचक्की, साहेब, माझी हललेली मान, त्याच्या खांद्यावरची बॅग. काका जमिनीकडे बघत राहिले. बायकोनं पदर तोंडाला लावला. दादा पाण्याचं बारं धरायला वाकला आणि पाणी वळवायला चिखल ओढता ओढता म्हणाला, "जाऊ दे रे बारक्या. पाणी बघ किती जोरात येऊन राहिलं."

मी चिखलात उतरून त्याचे पाय धरले.

"दादा, तू माझा भाऊ हाईस हे सांगायची मला लाज वाटली. चुकलो मी. मला माफ कर."