दिनवाले सरांचा दसरा

आमच्या दिनवाले सरांना कोणी "आज काय वार?" असं विचारलं, तर ते वार सांगत नसत. दिन सांगत. "आज पानथळ दिन हाय," म्हणत आणि पुढे चालू लागत. विचारणारा बिचारा मोबाइल काढून वार बघून घेई. त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीपटावर तेवढं होतं. बाकी आमच्या अकोल्याच्या शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे त्यांना दिनवालेच म्हणायचे. पोरं समोर 'सर' जोडत आणि पाठ वळली की तेही गाळत. सरांना ते ठाऊक होतं, आणि माझा अंदाज असा की आवडतही होतं.

ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. माझं माहेर अमरावतीचं, तोंड फटकळ, आणि हे असले दिन साजरे करण्याचा मला मनस्वी कंटाळा. तुमच्यापैकी कोणी मास्तरकी केली असेल तर वेगळं सांगायला नको. वरून परिपत्रक येतं, अमुक दिन साजरा करा, फोटो पाठवा. आपण पोरं रांगेत उभी करायची, फोटो काढायचा, गटावर टाकायचा की सुटलो. सरांचं असं नव्हतं. परिपत्रक न आलेले दिनसुद्धा ते हुडकून काढत. ओझोनचा दिन, डासांचा दिन, गिधाडांचा दिन. गिधाडांच्या दिवशी मी म्हटलं, "सर, अकोल्यात गिधाड कुठं राहिलं आता?" तर म्हणाले, "म्हून तं दिन हाय. असतं तं कायले दिन लागला असता?"

एवढ्या दिनांना बॅनर कुठून आणायचे? शाळा तर एका फळ्याला रंग द्यायला तीन वर्षं लावणारी. सरांनी एकच कापडी बॅनर शिवून घेतला होता. 'आज जागतिक' आणि 'दिन' एवढंच त्यावर रंगवलेलं आणि मधे मोकळी जागा. त्या जागेत पुठ्ठ्याची पट्टी टाचणीनं लावायची. मार्च महिन्यात त्यांची फार तारांबळ उडे. चिमणी, पाणी, क्षयरोग, सगळे एकाच आठवड्यात. एकदा क्षयरोगाच्या फेरीत चिमणीची पट्टी तशीच राहिली. पोरं घसा ताणून ओरडताहेत, "दोन आठवडे खोकला, दवाखाना गाठा," आणि वर बॅनर चिमणीचा. बाजारातल्या एका म्हातारीनं मला थांबवून विचारलं, "काहो बाई, चिमन्याइले खोकला झाला काय?" मी आठवडाभर हसत होते. सर मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी योग्य पट्टी लावून तीच फेरी त्यांनी पुन्हा काढली, त्याच उन्हात.

हात धुण्याचा दिन आला की आमच्या नळाला हमखास पाणी नसायचं. अकोल्याचा नळ कधी येईल ते नळालाच माहीत. पण सर काही दिन पुढे ढकलायचे नाहीत. सगळ्या शाळेला मैदानात बसवून कोरडे हात चोळायला लावायचे. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग नखं. "पानी आलं का उरलेलं घरी करा," म्हणायचे. मी कपाळावर हात मारून घ्यायचे. पण खरं सांगते, आजही बेसिनपाशी उभी राहिले की माझी बोटं त्याच क्रमानं फिरतात.

त्यांना हे वेड का होतं, ते मला फार उशिरा कळलं. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली. मूलबाळ नाही. दुसरं लग्न करा म्हणून सांगणारेही हळूहळू थकले. एका शनिवारी शाळा सुटल्यावर सगळे पळाले, तरी हे आपले शिक्षकखोलीत बसून. मी विचारलं, घरी जायचं नाही का? तर म्हणाले, "उद्या रविवार. कोनताच दिन नाही. दिन असला का चार मानसं जमतात, मॅडम." मलाही पर्स उचलून घरी जायचंच होतं, पण थोडा वेळ बसले.

म्हणजे त्यांना अगदीच कोणी नव्हतं असं नाही. धाकटा भाऊ होता, वसंता. जुन्या शहरात वडिलांच्या घरात भिंत घालून दोन दारं केलेली. एकात सर, दुसऱ्यात वसंता, त्याची बायको कमलवहिनी आणि पोरगा-सून. आंगण मात्र एकच, आणि आंगणात आईनं लावलेला कडुनिंब. मी दोन गल्ल्या सोडून राहते. त्यामुळे त्या घरातलं बरंवाईट मला न विचारता कळायचं, आणि पुढचं जे झालं तेही असंच कळलं.

त्याचं मूळ पर्यावरण दिनात आहे. पाच जूनला अकोल्यात झाड लावायचं म्हणजे काय ते जो इथं राहिला त्यालाच समजेल. पावसाचा पत्ता नसतो, जमीन भेगाळलेली असते, आणि कावळासुद्धा सावली सोडत नाही. हा दिन ज्यांनी ठरवला त्यांनी अकोल्याचं ऊन पाहिलेलं नसणार. शाळेला सुट्ट्या, तरी मास्तरांनी यायचं, खड्ड्यात रोपं लावायची, फोटो काढायचा. आठवड्यात त्या रोपांच्या काड्या होतात. पुढच्या वर्षी तेच खड्डे, नवी रोपं. अख्खं वऱ्हाड वर्षानुवर्षं हेच करतं आणि कोणाला लाज वाटत नाही. सर तेवढे मोर्णा नदीच्या काठावर लावलेल्या रोपांना पाऊस पडेपर्यंत सायकलला डबे अडकवून पाणी घालत. "दिन आपला नाही, पन झाड तं आपलं हाय न," एवढंच म्हणत.

अशाच एका पाच जूनला सर नदीकाठी रोपं लावायला गेले आणि घरी वसंतानं निंब तोडला. हौस म्हणून नाही तोडला हो. मेच्या वादळात एक फांदी मोडून त्याच्या छपराच्या टिनांवर पडली होती, आणि त्या टिनांखाली पाळण्यात त्याची नात झोपलेली होती. पोरगी वाचली, पण वसंताची झोप उडाली. त्यानं दादाला दोनदा विनवलं की फांद्या तरी छाटू. दादांनी शाळेतल्या पोरांना देतात तेच प्राणवायूचं भाषण त्याला दिलं. समोर बोलायची त्याची छाती नव्हती. म्हणून त्यानं दादा बाहेर जायचा दिवस धरला.

सर दुपारी हाताला माती घेऊन परतले तेव्हा आंगणात बुंधा राहिला होता. गल्ली गोळा झाली. जन्मात आवाज न चढवलेला माणूस त्या दिवशी ओरडला. आईला विकलंस म्हणाले, कसाई म्हणाले, माझ्या दाराची पायरी चढू नको म्हणाले, आणखी काय काय म्हणाले. वसंता स्वतः पन्नाशी ओलांडलेला, नातीचा आजोबा. पण मान खाली घालून ऐकत राहिला आणि तसाच घरात गेला. त्यानंतर दोघा भावांचं बोलणं बंद.

आता गंमत बघा. शांतता दिनाला हेच सर शाळेतली भांडलेली पोरं जोडीजोडीनं समोर बोलवायचे. एकाचा डबा दुसऱ्याच्या हातात द्यायचे. "भांडन कोनाचं होतं ते इचारायचं नाही. डबा उघडा अन् खा," एवढाच नियम. पोरं आधी रुसून बसत, मग दुसऱ्याची भाजी आवडली की आपसूक बोलत. एका वर्षी त्यांनी मला आणि खेळाच्या सरांना पोरांदेखत समोर बसवलं, कारण तासांवरून आमची महिनाभर धुसफूस चालली होती. मी त्या माणसाच्या डब्यातला जहाल ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि भांडण संपलं. पण माझी जीभ कुठे गप्प बसते? शिक्षकखोलीत आल्यावर मी सरांना सरळ म्हटलं, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. वसंताचा डबा कधी उघडणार?"

सर चष्मा पुसू लागले. मग म्हणाले, "लहान्यानं यावं, मॅडम. आपल्यात रीत हाय. दसऱ्याले सोनं घेऊन येईन तो. मी काई त्याले वापस पाठवतो काय?"

रीत आहे खरी. दसऱ्याला लहानानं मोठ्याच्या घरी जायचं, आपट्याचं सोनं हातात ठेवायचं, पाया पडायचं. वर्षभराचं वाकडं त्या पानासोबत मिटून जातं, कोण चुकलं याचा हिशोब कोणी काढत नाही. म्हणून वर्षभर दिनांमागे धावणारा हा माणूस दसऱ्याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे. कपड्यांना इस्त्री, दार सताड उघडं, ताटलीत चिवडा. मी आणि माझे मिस्टर जायचो. सर आमच्याशी बोलायचे, पण बाहेर चप्पल वाजली की मान दाराकडे. भिंतीपलीकडून वसंताच्या घरातलं हसणंबोलणं ऐकू यायचं. गल्लीतली माणसं त्या दारातून निघून या दारात येत, सोनं देत, चिवडा तोंडात टाकून जात. वसंता तेवढा येत नसे. दिवेलागणीला आम्ही उठलो की सर म्हणायचे, "बसा न अजून. घाई काय हाय?" अशी कितीतरी वर्षं गेली. दार दरवर्षी तेवढंच उघडं असायचं, आणि मला दरवर्षी त्या वसंताचा जास्तच राग यायचा.

वसंता गेला त्या सकाळी कोणताच दिन नव्हता. फेब्रुवारीतली साधी सकाळ. चहा पिता पिता छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी गेले तेव्हा सर त्या घरात, भिंतीला टेकून खाली बसलेले होते. त्या पाच जूननंतर पहिल्यांदाच त्यांनी तो उंबरा ओलांडला होता. कोणीतरी नातेवाईक बाई हळहळली की दोघा भावांचं मिटायला हवं होतं, एका दसऱ्याला तरी वसंतानं जायला हवं होतं. कमलवहिनी तोवर नुसत्या बसून होत्या. त्यांनी मान वर केली.

"दर दसऱ्याले नवा सदरा घालून, खिशात सोनं घेऊन आपल्याच दारात उभा राहे तो. मी म्हनो, जा. तो म्हने, दादानं पायरी चढू नको म्हटलं हाय. तो बोलावन तवा जाईन." मग सरांकडे बघून त्या म्हणाल्या, "तुमचा शबूद त्यानं कधी मोडला काय, दादा?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. दहा दिवसांनी सर शाळेत आले आणि तास सुरू व्हायच्या आधी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "मॅडम, म्या असं म्हटलं होतं काय?" मला खोटं बोलता येत नाही, आणि त्या दिवशी तर बोलायचंही नव्हतं. मी म्हटलं, "म्हटलं होतं, सर. सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं."

"रागात बोललो असन," ते म्हणाले. "मी तं इसरून बी गेलो होतो. त्यानं खरं धरलं."

त्यानंतर त्यांनी एकही दिन केला नाही. चिमणीचा नाही, पाण्याचा नाही. सप्टेंबरात शांतता दिनाला पोरं आपणहून डबे घेऊन मैदानात जमली, तर सर प्रयोगशाळेतून बाहेरच आले नाहीत. शेवटी मी आणि खेळाच्या सरांनी ती पोरं बसवली. त्या वर्षी त्यांच्या घरी दसराही नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. निरोपाला भाषण करा म्हटलं तर हात जोडून खाली बसले. पावसाळ्याच्या सुरुवातीला वसंताच्या पोराची बदली नागपूरला झाली, तो आईलाही घेऊन गेला. पलीकडच्या दाराला कुलूप लागलं.

त्या वर्षीच्या दसऱ्याला आम्ही नेहमीसारखे गेलो. सरांचं दार बंद. एकटा माणूस, काय झालं असेल कोण जाणे. मी आंगणात शिरले, आणि बघते तर सर वसंताच्या ओट्यावर बसलेले. अंगात इस्त्रीचा सदरा, मागे कुलूप लावलेलं दार. हातात आपट्याची पानं, तीही आपली जपून धरलेली. गल्लीतली माणसं येत होती. सर प्रत्येकाचं सोनं घेत होते, पण आपल्या हातातलं कोणालाच देत नव्हते.

मी विचारलं, सर, इथं कुठं? तर एखाद्या पाहुण्यानं सांगावं तसं म्हणाले, "वसंताकडे आलो हावो, मॅडम. तो घरी नाही."

आमच्या मागून आणखी एक जोडपं आलं, त्यांनाही सरांनी तेच सांगितलं. वसंता घरी नाही, येईपर्यंत बसतो. मी सरांच्या पाया पडले आणि त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले. अंधार पडला तसा माझ्या मिस्टरांनी उठायची खूण केली. या खेपेला सरांनी आम्हाला बसा म्हटलं नाही.