चिंचेच्या गाभ्याचा आवाज

मला आवाज काढता येतात. निपाणीच्या शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात मी एकदा आख्खा आठवीचा वर्ग तास संपायच्या आधी घरी पाठवला होता. घंटासुद्धा तोंडानंच दिली. पुढं मार खाल्ला, पण पोरं महिनाभर माझ्यासाठी खिशातनं चिंचा आणत होती.

बेंगळूरला आलो ते चामराजपेटेतल्या एका मशिनरीच्या दुकानात सेल्समन म्हणून. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्याकडं पाण्याचे पंप, औषध मारायचे पंप, आणि भिंतीला टांगलेल्या तीन चेन सॉ. पेट्रोलवर चालणारी, फिरत्या दातेरी साखळीनं झाडं कापणारी करवत. तेव्हा ती नवलाईच होती. लोक बघायला यायचे, हात लावायचे, चहा पिऊन जायचे. मालक प्रत्येकाला तेच सांगायचे, एक डोळा बारीक करून, नाकातनं: "दाबायचं नाही. साखळी आपणहून खाते. दाबलं की मशीन उलटं अंगावर येतं." मालक जेवायला गेले की मी हेच वाक्य त्यांच्याच नाकातनं म्हणून दाखवायचो. हमाल हसून हसून पोत्यांवर लोळायचे. दिवसातनं दोनदा तरी फर्माईश व्हायची.

एकदा मालक असेच जेवायला गेलेले असताना एक अण्णा आले. साठीचे, पाठीमागच्या गल्लीतले. त्यांचं घर चार पिढ्यांपूर्वी इकडं आलेलं, त्यामुळं मराठी कन्नडात बुचकळून काढलेली. धंदा झाडं पाडायचा. होसकोटेच्या बाजूला रस्त्याकडेच्या सात जुन्या चिंचा पाडायचं काम त्यांना मिळालं होतं. आजवर त्यांनी दोन मुठींची लांब करवत चालवली, एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मेव्हणा. आता मेव्हण्याला दिसायचं कमी झालं होतं.

"एक टोक रिकामं झालं, तम्मा," ते म्हणाले. धाकट्या भावाला म्हणतात तसं मला तम्मा. "एकट्यानं चालेल असं काहीतरी दे. ह्या सात पाडल्या की कंत्राटदार वर्षभर काम देतो म्हणालाय. नाहीतर मी आहे, घर आहे आणि घरातलीचे टोमणे आहेत."

मी तिन्ही मशीनं खाली काढली. लहान सोळा इंची पात्याचं, मधलं वीस, मोठं तीस. अण्णांनी मधलं घेतलं, कमरेशी धरलं, आडवं धरलं, पुन्हा खाली आणलं. "हे सरी आहे. झेपतंय."

सरी म्हणजे बरोबर, आणि ते होतंही बरोबर. वीस इंची पात्यानं दोन्ही बाजूंनी कापत गेलं तर मोठी चिंचही पडते, आणि मालकांनी तेच दिलं असतं. एवढं मला माहीत होतं.

पण अण्णांनी विचारलं, "चिंचेच्या गाभ्यात गेल्यावर ह्याचा आवाज कसा येतो? आम्ही करवत कानानं चालवतो. गाभा लागला की आवाज बदलतो, मग आपण हात बदलायचा."

दुकानात मशीन चालू करायला बंदी होती, धूर व्हायचा. आणि मी त्या मशीननं साधी फांदी कापताना कुणाला बघितलं नव्हतं. 'माहीत नाही' म्हणायला असे किती शब्द लागतात. पण मागं हमाल डबे उघडून बसलेले, आणि विचारलं होतं ते आवाजाबद्दल, तेही मला.

मी तोंडानं मधल्याचा आवाज काढला. घुर्रर्र, घुर्रर्र, खक्, आणि मग दमेकऱ्यासारखी ढास. हमालांचे घास हातातच राहिले. मग मोठ्याचा काढला. छातीतनं, खर्जात, जात्यासारखं एकसुरी, मध्ये कुठं न अडता. शेवटी झाड कोसळवलं आणि त्यावरचे कावळेही उडवले. एकानं शिट्टी मारली.

अण्णा हसले नाहीत. डोळे मिटून ऐकत होते. "मोठं आणखी एकदा," म्हणाले. मी पुन्हा काढून दाखवला. त्यांनी मोठं घेतलं. उचलताना त्यांचा उजवा खांदा खाली गेला, ते मी बघितलं. मालक जेवून आले तेव्हा अण्णा गेलेले, आणि भिंतीवरची मोठ्या मशीनची खुंटी रिकामी बघून मालक खूश. दाबायचं नाही हे वाक्य अण्णांना कुणी सांगितलंच नाही.

इथंपर्यंतचं सगळं थट्टेवर घालवता आलं असतं. पण आठवड्यानं अण्णा परत आले. भुवयांत भुसा.

"तुझ्यासारखा आवाज येत नाही रे. गाभ्यात गेलं की नुसतं किरकिरतं. माझं काय चुकतंय?"

मालक गल्ल्यावर फोनवर बोलत होते. खरं सांगितलं असतं तर तिथल्या तिथं सगळं बाहेर आलं असतं.

"स्वल्प दाब द्या, अण्णा," मी म्हणालो. "मग गाईल."

स्वल्प म्हणजे थोडंसं. इकडं हा शब्द पुढं लावला की कशाचीच भीती वाटत नाही. अण्णांनी मान हलवली, दाब कसा द्यायचा ते रिकाम्या हातांनी करून बघितलं, आणि गेले.

चौथ्या चिंचेला मशीन उलटं आलं. पातं कपाळाच्या वीतभर अलीकडनं गेलं, पण त्या धक्क्यानं अण्णा मागच्या मागं मुळावर पडले आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. मला हे हमालानं सांगितलं. सांगताना त्यानं माझाच मोठ्या मशीनचा आवाज काढला. वाईट काढला.

दोन दिवस मी त्या गल्लीकडं फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी मोसंबी घेऊन गेलो.

"हाच का तो आवाजवाला?" अक्का म्हणाल्या, अण्णांच्या बायको. "बस. कॉफी घे."

अण्णांचा हात गळ्यात बांधलेला. "बरं झालं आलास. हिला ऐकव तो आवाज. ही म्हणते मशीनच खोटं दिलं. मी म्हणतो, मशीन चांगलंय, माझाच हात बसला नाही. चाळीस वर्षं करवत ओढली आणि एक आवाज निघेना माझ्याच्यानं."

मी कप खाली ठेवला.

"तसा आवाज नसतो, अण्णा. मी कधी ऐकलेलाच नाही, मनानं काढला होता. आणि मशीन दाबायचं नसतं. ते मला माहीत होतं."

कोपऱ्यात त्यांची जुनी करवत उभी होती, दोन मुठींची. ते तिच्याकडं बघत राहिले.

"नसतोच?"

"नाही."

"मग मी रोज काय शोधत होतो?"

मी कपातली साय बोटानं बाजूला करत बसलो. शेवटी अक्काच म्हणाल्या, "निवली ती. पिऊन टाक, आणि जाताना ते मशीन घेऊन जा. घरात नको."

उरलेल्या चिंचा कंत्राटदारानं दुसऱ्याला देऊन टाकल्या होत्या. वर्षभराच्या कामाचं मी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही.

मशीन दोन्ही हातांनी उचलून मी ऑटोत बसलो. दुकानात ते खुंटीवरनं टेबलावर, एवढंच उचललेलं. चामराजपेटेतल्या खड्ड्यांतनं मांडीवर घेऊन जाताना दोन्ही पाय बधिर झाले. ऑटोवाला आरशातनं बघत होता. हे झाड कापायचं मशीन ना, म्हणाला, आवाज कसा करतं?

"गोत्तिल्ला," मी म्हणालो. माहीत नाही.