वरच्या मजल्याचे गज

सांगलीत आमच्या घरापुढंच आमची एकमजली इमारत, ऑफिसला भाड्यानं दिलेली. तिच्या गच्चीवर बाबांनी प्रत्येक खांबाचे गज वर सोडले होते. पुढं मजला चढवायचा, तो माझ्यासाठी. गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर कच्चं काँक्रीट लिंपलं होतं. खडूनं खोल्या आखून मला फिरवून दाखवल्या होत्या, इथं दार, इथं खिडकी. मी शाळकरी पोर. रेघ ओलांडून गेले की ते ओरडायचे, "भिंतीतून कुठं चाललीस?" मग मी मुकाट्यानं खडूच्या दारातून जायचे.

मजला काही चढला नाही. मी लग्न होऊन साताऱ्याला आले, बाबा गेले. आई त्या गजांना दोरी बांधून कपडे वाळत घालायची. शेजारी चिडवायचे, उसागत गजांना तुरे फुटले तरी तुमची तोडणी न्हाई. मीही हसायचे, पण आत दुखायचं.

यंदा ऑफिसवाल्यांना गच्चीवर एसीची मोठी यंत्रं बसवायची होती. इंजिनिअर म्हणाले, एवढा भार स्लॅबला झेपायचा नाही, लोखंडी गर्डर थेट खांबांवर टेकवू, आड येणारे गज कापू. आई हटून बसली. मी तणतणत साताऱ्याहून आले. म्हटलं, माझी पन्नाशी उलटली, आता कुठला मजला नि कुठलं काय!

"तुझ्या बापानं तुला दिलेलं हाय," आई म्हणाली. "तूच काप."

मला ते होईना. दुसरा काही मार्ग आहे का, मीच इंजिनिअरांना विचारलं. गज शाबूत असतील तर त्यांच्यावरच खांब थोडे वाढवू, म्हणाले, पण इतक्या वर्षांत गंजले नसतील तर नवल.

रविवारी, खाली ऑफिस बंद असताना, कुपवाडहून बोलावलेल्या कामगारांनी लिंपण फोडलं. इंजिनिअरांनी गज घासून, मापून पाहिले आणि मान डोलावली, चालतील म्हणाले. मला रडूच आलं.

पुढचं कामही सुट्टीसुट्टीनंच झालं. खांब गुडघाभर वाढले, त्यांच्यावर गर्डर बसले. यंत्रं चढायच्या आदल्या दिवशी आईला हाताला धरून वर आणलं. पलीकडची बाजू बघावी म्हणून मी गर्डरवरून पाय टाकला, तेवढ्यात मागून आईचा आवाज आला.

"भिंतीतून कुठं चाललीस?"

मी पाय मागं घेतला आणि वळसा घालून, बाबांनी खडूनं दार आखलं होतं तिथून गेले. बाबांची इतकी आठवण मला ते गेले तेव्हाही आली नव्हती.