आक्काची वीस मिनिटं

आक्का गेल्याचं कळलं तेव्हा माझे हात तेलात होते. सकाळची पहिली मालिश चालू होती, पाहुणीचा डोळा लागला होता. रिसेप्शनवरची मुलगी दारातूनच हळू म्हणाली, "रुक्सानाताई, आक्का गेल्या." झोपेतच गेली म्हणे... मी ती मालिश पुरी केली. आक्काने हेच केलं असतं असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, ती मला रागावली असती.

माण गावाच्या पुढे टेकडीवर आमचं वेलनेस सेंटर आहे. थकलेले इंजिनियर, परदेशी पाहुणे आठवडाभर आरामाला येतात. आक्का तिथली सर्वांत जुनी मालिशवाली, माणच्याच शेतकरी घरातली. बाळ-बाळंतिणींना तेल लावता लावता तिचा हात तयार झालेला. स्वभाव तिखट, चादरीला सुरकुती दिसली की तोंडाचा पट्टा सुरू. पण जीव लावायची.

मी कामाला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी माझा अंगठा सुजला. दिवसाला सात पाठी, मध्ये चादर बदलण्यापुरती उसंत. सांगितलं तर काम जाईल, म्हणून मी गप्प राहिले आणि अंगठ्याऐवजी कोपर लावू लागले. एका बाईंच्या पाठीवर वळ उठला. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं, तर आक्का माझ्या आधी आत शिरली.

"कोपर मीच लावाया सांगितला," ती धडधडीत खोटं बोलली. मग तेलाची बाटली त्यांच्यापुढे ठेवली. "आज सात पाठी तुमी चोळा, साहेब. आमची माणसं झोपतील पालथी. मंग हिला काढायचं का न्हाई ते ठरवा."

साहेब तरुण, हट्टी. त्यांनी खरंच बाह्या सरसावल्या. तिसरी पाठ माळीकाकांची, तिथे त्यांची बोटं वळेनात. दुसऱ्या दिवसापासून दोन पाहुण्यांच्या मध्ये वीस मिनिटं मिळू लागली. तेवढा वेळ कोमट मिठाच्या पाण्यात हात बुडवून बसायचं, हा आक्काचा कायदा. कुणी टॉवेलांच्या घड्या घालायला गेलं की, "ठिव ते. हात काय भाड्यानं आणलेत व्हय?" स्वतः मात्र कधी बसली नाही, आमचेच अंगठे चोळत फिरायची. ते मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

ती गेली आणि महिन्याभरात सीझन सुरू झाला. साहेब म्हणाले, "ताई, गर्दी आहे. थोडे दिवस वीसची दहा मिनिटं करू या." सगळ्याजणी माझ्याकडे बघू लागल्या... सुजलेला अंगठा लपवणारी मी.

"नाही साहेब," एवढंच म्हणाले आणि पाणी तापत ठेवलं. बाहेर पाहुणे थांबले होते. मी हात बुडवून बसले. मग बाकीच्याही एकेक करून बसल्या.