मांजर आणाल तर मांजर न्याल

जोगजा शहरातल्या त्या गल्लीत बू पोनिराला ओळखत नाही असा माणूस भेटला, तर तो कालच राहायला आला असं खुशाल समजावं. बू म्हणजे तिकडच्या बोलीत आई, बाई. एकोणीस वर्षं ती हाजी मुस्लिह यांच्या बारा खोल्या सांभाळत होती. खोल्यांत कॉलेजची मुलं भाड्यानं राहायची आणि जिन्याखालच्या खोलीत ती. बाई अंगानं काटकुळी, पण जीभ अशी की मिरचीनं लाजावं.

मुलं यायची, आणि वर्ष उलटायच्या आत कुणीतरी रस्त्यावरून मांजराचं पिल्लू उचलून आणायचं. मग काय कौतुक! फोटो काय, वाढदिवस काय, गळ्यात घंटा काय. चार वर्षांनी पदवी मिळाली की पुस्तकं खोक्यात, पंखा खोक्यात, गिटार पाठीवर. आणि मांजर? मांजर दारात. "बू आहेतच ना!" म्हणून पोरं स्टेशनची वाट धरायची.

आणि बू होतीच. मासळी कालवून भात घालायची, खरूज झाली तर औषध लावायची, मेलं तर मागच्या केळीखाली पुरायची. गल्ली म्हणायची, माउली आहे हो ही! तिलाही ते गोड लागायचं, खोटं कशाला बोला.

एका ऑगस्टात मात्र एकदम पाच मांजरं मागे राहिली. त्यातलं एक काही केल्या जेवेना. आपल्या पोराच्या बंद दारापुढून हलेना. अकराव्या दिवशी तिथंच गेलं. त्याला पुरताना बू पोनिराच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही पोरं इतकी निर्धास्त जातात ती आपल्या जिवावर! आपण माउली झालो, म्हणून तर यांना आई-बाप व्हावं लागत नाही. तिला स्वतःचाच इतका संताप आला की त्या दिवशी तिच्या घशाखाली घास उतरला नाही.

दुसऱ्याच दिवशी फाटकावर पाटी लागली: मांजर आणाल तर मांजर न्याल. नव्या मुलानं ती मोठ्यानं वाचल्याशिवाय त्याला किल्ली मिळेना.

"पोनिरा, अशानं मुलं पळून जातील," हाजी म्हणाले.

"पळू देत की. मांजर काखेत मारून पळू देत."

हाजींनी मग एकदाच, शांतपणे सांगितलं, "तुझ्या तोंडापायी मला पुन्हा कुणाचं ऐकून घ्यावं लागलं, तर गावाला बहिणीच्या घरी जाऊन बस." बहिणीच्या दोन खोल्यांत सात माणसं झोपत. हाजी बोलतात ते करतात, हेही बू जाणून होती.

आणि नेमका सात नंबरमध्ये आला तो गालिह, हाजींचा सख्खा भाचा. पाटी त्यानं हसत हसत वाचली आणि चार महिन्यांत एक काळीभोर मांजरी आणली. सोया सॉसला तिकडे केचाप म्हणतात; ही तशीच काळी, म्हणून तिचं नाव केचाप.

चार वर्षांनी, त्याच्या पदवीदानाच्या सकाळी, सात नंबरमधून केविलवाणं ओरडणं आलं. बूनं दार उघडलं. खोली झाडून रिकामी. केचाप उघड्या फरशीवर, बशीत डोंगराएवढा भात, शेजारी चिठ्ठी: "बू, केचाप तुमच्या हवाली. तुम्ही आहात म्हणून काळजी नाही."

काळजी नाही! बू पोनिराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मांजरी पायाला अंग घासत होती, आणि तिच्यावर बूचा जीव होताच. ठेवून घेतली असती तर कुणाला कळलंही नसतं, डोक्यावरचं छप्परही शाबूत राहिलं असतं. पण बाईनं बाजारची टोपली काढली, केचापला आत बसवलं, वरून ओढणी बांधली आणि भाड्याच्या मोटारसायकलवर मागे बसून निघाली.

सभागृहाच्या फाटकावर पहारेकऱ्यानं अडवलं. "बू, प्राण्यांना आत मनाई आहे."

"मग ते काळे झगे घालून कोण हिंडताहेत?"

तो हसायला लागला, तेवढ्यात बू आत.

फुलांचे गुच्छ, फोटोवाले, गावोगावाहून आलेले आई-बाप. मधोमध झगा घातलेला गालिह, एका बाजूला नव्या रेशमी पोलक्यातली आई, दुसऱ्या बाजूला मामा म्हणजे खुद्द हाजी. फोटोवाला "हसा" म्हणाला आणि बू पुढ्यात उभी राहिली.

"गालिह, खोलीत तुझं एक सामान राहिलं."

पोराचा चेहरा खर्रकन उतरला. "बू, ती... ती सगळ्यांचीच आहे. म्हणजे तशी कुणाचीच नाही."

"हो का? फोटोत तर सदान्‌कदा तुझ्याच मांडीवर असते."

आई टोपलीवर वाकली. "ही केचाप? हिला सांभाळायला कुणी नाही म्हणून तू तीन वर्षं ईदला घरी आला नाहीस, ती ही?"

बूला हे नवीन होतं. "ईदला? अहो, ईदला ही माझ्याकडे असायची. हे साहेब मित्रांबरोबर समुद्रावर."

गालिह बुटांकडे बघत राहिला. आईचा आवाज चढला नाही. "तीन ईदा मी दारात बसून होते रे," ती म्हणाली. मग टोपली उचलून तिनं त्याच्या हातात दिली. "घरापर्यंत मांडीवर घेऊन बसायचं. आणि तिथं पोचल्यावरही तूच बघायचंस तिचं, मी नाही."

"पोनिरा!" हाजी लालबुंद झाले होते. "चारचौघांत शोभा केलीस आमची. आत्ता इथंच माफी माग, नाहीतर आजच खोली रिकामी कर."

"खोली रिकामी करते," बू म्हणाली. मान ताठच होती. "तेवढं नव्या बाईला सांगून ठेवा, हाजीसाहेब. मांजरं आवडत असली, तरी पोरांना कळू देऊ नको म्हणावं."

ती वळली आणि चालत निघाली. फाटकाबाहेर आल्यावर मात्र केचापसाठी ढसाढसा रडली.