दाजींनी आणलेली चाल

आमच्या खापरपणजोबांनी चर्चमधून चोरी केली.

भटजी असून. आणि चोरीचा माल थेट महादेवाच्या देवळात नेऊन ठेवला.

आज त्यांची, म्हणजे दाजींची, तिथी. माझ्या बाबांचे हे पणजोबा. दरवर्षी या दिवशी ठाण्याला माहेरी पंगत बसते, आणि भातावर वरण पडलं की बाबा ही गोष्ट सुरू करतात. आम्हा सगळ्यांना ती तोंडपाठ आहे. तरी मध्ये कुणी बोललेलं बाबांना चालत नाही.

काळ अठराशे ऐंशीच्या आसपासचा. ठाण्यात कोर्ट होतं, वकील होते, तलाव होते. आणि एका तलावाकाठच्या देवळात दाजी पुजारी होते.

दाजींना गाण्याचं भयंकर वेड. कीर्तनात बुवांचं निरूपण सुरू झालं की डुलकी, पद सुरू झालं की एकदम ताठ. टेंभीच्या बाजूला कुठे ढोलकी वाजली तरी पूजेतला हात थबकायचा.

तलावाच्या पलीकडे चर्च. रविवारी सकाळी तिथलं गाणं पाण्यावरून इकडे यायचं.

भाषा लॅटिन. दाजींना एक शब्द कळायचा नाही. चाल मात्र अशी काही आवडली की आठवड्याभरात ती संध्याकाळच्या आरतीला लागली.

सुपरहिट!

"दाजी, काय रंगली हो आज आरती!"

दोन वर्षं अख्खी आळी त्या चालीत आरती म्हणत होती. कुणाला पत्ता नाही.

मग देवळाचं दार बिघडलं.

दुरुस्तीला आला पास्कू सुतार, तलावापलीकडच्या ख्रिस्ती वाडीतला. त्याचं काम चालू असतानाच आत आरती सुरू झाली. पास्कूने रंधा खाली ठेवला, टोपी काढली, डोळे मिटले. आणि कपाळ, छाती, दोन्ही खांद्यांना हात लावून क्रुसाची खूण केली. सवयीने! भर देवळाच्या दारात.

आरती संपल्यावर बिचारा आनंदाने म्हणाला, "भटजी, यो त आमचा गाना हाय! तुमीपन गाता?"

सगळ्यांच्या माना दाजींकडे वळल्या.

देवळाच्या पंचांमध्ये मुख्य होते अप्पासाहेब वकील. ते पुढे आले. "दाजी, हे खरं?"

दाजी सोवळ्यात होते. खोटं बोलायची सोय नव्हती.

"खरं आहे. चाल आवडली हो, अप्पासाहेब."

"आवडली? अहो, देवाच्या दारी तुमची आवडनिवड कसली?"

"महादेवाने काही तक्रार केली नाही."

(इथे बाबा थांबून सगळ्यांकडे बघतात. आम्ही हसायचं असतं.)

अप्पासाहेब हसले नाहीत. उद्या संध्याकाळी सगळ्यांसमोर जुन्या चालीत आरती म्हणायची, नाहीतर पूजा दुसऱ्याकडे. विषय संपला.

ही पूजा दाजींना वडिलांकडून आलेली. दुसरं काही ते शिकलेच नव्हते. पूजा गेली असती तर घर उघड्यावर पडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ओसरीवर प्रॅक्टिस. जुनी चाल, पहिली ओळ, ठीक. दुसऱ्या ओळीला स्वारी परत चर्चमध्ये.

"अहो, घसरलात," आतून माईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा आवाज.

"मग तू म्हणून दाखव."

माईंनी म्हटली. त्याही घसरल्या.

दोघं आधी घाबरले. मग हसत सुटले. मग परत घाबरले.

माझा सगळ्यात आवडता भाग आहे हा. कधी काळी होऊन गेलेली ती दोन माणसं इथे मला एकदम आपली वाटतात.

संध्याकाळी देऊळ हाउसफुल्ल. एरवी न येणारेही मजा बघायला आलेले.

दाजींनी डोळे घट्ट मिटले आणि सुरुवात केली. चाल जुनी. पहिलं कडवं पार पडलं.

दुसऱ्या कडव्याला झांजा आल्या, टाळ्या चढल्या, लोकांचा आवाज मोकळा झाला.

आणि आरती हळूच सरकली.

दाजी एकटे जुन्या चालीला चिकटून. बाकी सगळं देऊळ नव्या चालीत!

शेवटी दाजी गप्पच झाले. कारण एक आवाज सगळ्यांच्या वरचढ लागला होता. डोळे मिटून, मान डोलवत, दणादण टाळ्या देत.

अप्पासाहेब वकील.

आरती संपली. अप्पासाहेबांनी डोळे उघडले. अख्खं देऊळ त्यांच्याकडे बघत होतं. दाजींच्या हातात निरांजन तसंच.

दारातून पास्कू म्हणाला, "आज त लय बेस झाला, वकीलसाहेब."

अप्पासाहेबांनी उपरणं सारखं केलं. घसा खाकरला.

"प्रसाद वाटा," म्हणाले.

बस. हाच निकाल. पूजा दाजींकडेच राहिली, अगदी शेवटपर्यंत.

मला मैत्रिणी विचारतात, रोज देवपूजा करणारी बाई तू, आणि माजिवड्याच्या सिग्नलला कानात कधी गॉस्पेल, कधी कव्वाली? हे कसं काय?

काय सांगू? घराणंच तसं आहे.

दाजींचा फोटो नाही, म्हणून पोस्टलाही नाही. ते गोरे होते की काळे, उंच होते की बुटके, कुणाला ठाऊक नाही. पण मला त्यांची आठवण येते. न पाहिलेल्या माणसाची येते, खरंच.

मघाशी माहेरी आरती झाली. बाबांनी सुरू केली, आम्ही सगळ्यांनी उचलली. दाजींच्याच चालीत.

जुनी चाल कशी होती, ते आता आमच्यात कुणालाच माहीत नाही.

दाजी, तुम्हाला घरातल्या सगळ्यांचा मनापासून नमस्कार.