तव्याची काजळी

काल सुनेनं चुलीवरचा तवा खरवडला आणि त्या जळक्या वासानं मला यमुनाकाकू आठवली.

ती नेवाशात आमच्या शेजारी राहायची, नवऱ्यानं टाकलेली. कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर धुणीभांडी करायची. तिथंच तिला दिवस गेले. पोर झाली ती पांढरीफटक, घाऱ्या डोळ्यांची. एके सकाळी घोडेगावच्या बाजाराला निघताना काकू तव्याची काजळी तेलात कालवून पोरीच्या तोंडाला चोळत होती, लोकांना रंग कळू नये म्हणून. पोर ओरडत होती. मी लहान होते, सरळ विचारलं, "काकू, हिच्या बापाचं नाव काय?"

तिचा हात थांबला नाही. "त्यानं कदी सांगितलं न्हाई."

तीच पोर पुढं सिनेमात गेली. त्याच गोऱ्या रंगावर तिला कामं मिळाली. आता तीही म्हातारी झाली. गेल्या महिन्यात गाडी करून आली.

"आक्का, मरायच्या आधी बापाचं नाव तरी कळू दे."

काकूच्या तोंडून ऐकलं होतं तेच मी सांगितलं, की त्यानं नाव कधी सांगितलंच नाही.

"मग आई त्याला हाक काय मारायची?"

"ती कशाला हाक मारील, बाई? हाक तोच मारायचा."